खिशातला कॅमेरा, पिशवीतला उजेड

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगितलेलं बरं. शर्टाच्या खिशात मावतो म्हणून ज्यांनी छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि आता तो खिशात मावू नये यासाठी आणखी पैसे घालायची ज्यांची तयारी झाली आहे, त्यांच्यासाठी. ज्यांचं मोबाइलवर भागतं त्यांनी पान उलटावं. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा, दोन-तीन लेन्स आणि पाठीवर काळी बॅग आहे त्यांनीही उलटावं. मार्गदर्शनाची गरज त्यांनाही असते, पण ते घेत नाहीत.

लक्षणं

घरातल्या शेवटच्या कार्याचे फोटो घेऊन बसा. बारसं, साखरपुडा, मंगळागौर, काहीही चालेल. पुढच्या रांगेतली पोरं पांढरीफटक, मागची माणसं काळोखात, झाडून सगळ्यांचे डोळे लाल, आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोच्या काचेत, नेमका त्यांच्या कपाळावर, एक लखलखीत गोळा. चारही लक्षणं असतील तर दुखणं एकच आहे. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सला चिकटून बसलाय.

छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि लेन्स यांच्यात जेमतेम काही सेंटीमीटरचं अंतर असतं. खोलीत उजेड कमी असला की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. फ्लॅशचा उजेड सरळ आत शिरतो, मागच्या रक्ताळ पडद्यावर आपटतो आणि आल्या वाटेने लेन्समध्ये परततो. फोटोत लाल दिसतं ते रक्तच असतं. सासूबाई रागावल्या असतीलच असं नाही.

ग्रुप फोटोचं दुखणं मात्र भौतिकशास्त्राचं आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा उरतो. या नियमाला मानपान कळत नाही. पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरासोरांना भरपूर मिळतं, मधल्या खुर्च्यांवरच्या जावयांना बेतास बात आणि मागे उभं राहून ज्यांनी कार्याचा सगळा खर्च केला त्यांच्या वाट्याला काळोख. असल्या फ्लॅशची धाव साधारण तीन मीटर. तरीही बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीतून तो मारणारे महाभाग आहेत. उजेड रंगमंचापर्यंत पोचत नाही, पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या टकलापर्यंत पोचतो. टक्कल मात्र उत्तम येतं.

यावर उपाय एकच: उजेड लेन्सपासून लांब न्यायचा. पुढे जे काही सांगितलंय ते या एका वाक्यासाठी करायच्या खर्चाचं आहे.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर हात फिरवा

वरच्या बाजूला धातूची चौकोनी खाच लागली तर तुम्ही भाग्यवान. तिला हॉट शू म्हणतात आणि बाहेरचा फ्लॅश त्यातच सरकवून बसवतात. कॅननच्या पॉवरशॉट जी-१०, जी-११, जी-१२ ला ती आहे, पॅनासोनिकच्या एलएक्स-३, ५ आणि ७ ला आहे, फुजीच्या एक्स-१०० ला आहे. बाकी बहुसंख्य छोट्या कॅमेऱ्यांना नाही. सोनीच्या आरएक्स-१०० चं तर वेगळंच. २०१२ च्या पहिल्या कॅमेऱ्यात खाच नव्हती, २०१३ च्या दुसऱ्यात आली, २०१४ च्या तिसऱ्यात गेली आणि तिच्या जागी डोळा लावून बघायची खिडकी आली. तेव्हा दुकानदाराने नवा कॅमेरा जुन्यापेक्षा सगळ्या बाबतींत पुढे आहे असं सांगितलं, की त्याच्याही डोक्यावर हात फिरवून बघा. कॅमेऱ्याच्या.

खाचेत मधोमध एक मोठा ठिपका असतो. तो बहुतेक कंपन्यांचा समान आहे आणि त्याला एकच भाषा येते: ‘आता!’ आजूबाजूचे बारके ठिपके मात्र ज्या त्या कंपनीचे. उजेड किती हवा, झूम कुठे आहे, या खाजगी गोष्टी त्यांच्यातून चालतात. कॅननचं निकॉनला कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. नवशिक्याने मधल्या ठिपक्यावर भागवावं. फ्लॅश स्वस्तातला मिळतो आणि सगळं हाताने करायचं असल्यामुळे थोडं शिकणंही होतं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत काकांचा जुना फ्लॅश सापडला तर तो उत्साहाने नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. जुन्या काही फ्लॅशच्या त्या मधल्या ठिपक्यावर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि आजच्या कॅमेऱ्याचं आतलं नाजूक सर्किट तेवढा सोसत नाही. मल्टीमीटरने मोजा, कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा, मगच लावा. आणि घरात इंजिनीअरिंगला असलेला मुलगा असेल तर फ्लॅश त्याच्या हाती लागू देऊ नका. तो उघडून बघेल. आत सुमारे तीनशे व्होल्टला भरलेला कपॅसिटर असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ भरलेलाच राहतो.

अर्थात पूर्वीच्या मानाने आपण सुखात आहोत. १८८७ साली जर्मनीत गेडिके आणि मीथे यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट वगैरे कालवून पेटवायची दारू काढली. तीच वापरून न्यूयॉर्कच्या चाळींमधली गरिबी टिपणाऱ्या जेकब रीस या पत्रकाराने एकदा आंधळ्या भाडेकरूंच्या खोलीत आग लावून ठेवली होती. १९२९ मध्ये बंद काचेचे बल्ब आले, एकदा उडवायचे आणि फेकून द्यायचे. तिशीच्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून पुन्हापुन्हा मारता येणारा विजेचा फ्लॅश कामाचा करून दाखवला. तुमच्या हातातला आहे तो त्याच घराण्यातला.

खोक्यावरचा आकडा

फ्लॅशच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ५८ किंवा ६० लिहिलेलं असतं. हा गाइड नंबर. त्याला अॅपर्चरच्या आकड्याने भागलं की उजेड किती मीटर पोचेल ते कळतं. ५८ ला ५.६ ने भागलं की दहा मीटरच्या थोडं वर. ऐकून बरं वाटतं. पण हा आकडा फ्लॅशचं तोंड पार आवळून, सगळा उजेड एका अरुंद झोतात कोंबून मोजलेला असतो. घरांच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहितात, तसा. दिवाणखान्यातल्या पंधरा माणसांसाठी तोंड रुंद केलं की आकडा चाळिशीच्याही खाली येतो.

नाराज होऊ नका. घरात इतका उजेड लागतच नाही. फ्लॅशवर पूर्ण, निम्मा, पाव असं करत १/१२८ पर्यंत उतरायची सोय असते. सुरुवात पाव ताकदीने करा. पूर्ण ताकदीने मारत राहिलात तर दर फोटोनंतर चार-पाच सेकंद तो कण्हत भरत बसतो आणि फार वेळ हेच चाललं तर पुढची काच तापते. पाव ताकदीला लगेच तयार होतो. तेवढ्यात आत्या डोळे मिटण्याआधी दुसरा फोटो निघतो.

कॅमेऱ्यावरचं चक्र ‘एम’वर आणा

हात थरथरला तरी आणा. फ्लॅशचा चमकारा सेकंदाच्या हजाराव्या भागात, पुष्कळदा त्याहूनही लवकर आटपतो. शटर त्यापेक्षा किती जास्त वेळ उघडं राहिलं याचं फ्लॅशला सोयरसुतक नसतं. शटर लांबवलं की खोलीतल्या दिव्यांचा, समयांचा, खिडकीचा उजेड वाढतो. फ्लॅशचा उजेड बदलायचा तर अॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद किंवा अंतर बदला. एवढं एक कळलं की निम्मी विद्या आली. बाकीची निम्मी म्हणजे ऐन वेळी ती आठवणं.

इथेच छोट्या कॅमेऱ्याची गुपचूप श्रीमंती आहे, आणि ती मोठ्या कॅमेरेवाल्यांसमोर हळूच काढावी अशी आहे. त्यांच्या कॅमेऱ्यात शटरचे दोन पडदे एकामागून एक सरकतात. त्यामुळे सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापेक्षा जलद गेलं की साध्या फ्लॅशच्या फोटोत काळी पट्टी येते. छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक करून शटर लेन्समध्येच, पाकळ्यांचं असतं. ते हजाराव्या भागातही फ्लॅशशी जुळवून घेतं. उपयोग काय? लॉनवरचं लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, वैशाखाचं ऊन. डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि मुंडावळ्यांच्या सावल्या थेट गालांवर उतरलेल्या. कॅमेरा जलद शटरवर ठेवून ऊन आवरायचं आणि बाजूने फ्लॅश देऊन चेहरे भरायचे. भरदुपारी फ्लॅश मारताना बघून चार माणसं हसतील. हसू द्या.

छताकडे तोंड

फ्लॅशचं डोकं वर वळतं. ते वळवून छतावर उजेड मारला की तो पसरून, मऊ होऊन खाली येतो. मात्र आधी मान वर करून छत बघा. पांढरं आणि नऊ-दहा फुटांवर असेल तर ठीक. वाड्यातलं लाकडी कडीपाट सगळा उजेड पिऊन टाकतं. मंगल कार्यालयाचं पत्र्याचं छत इतकं उंच असतं की गेलेला उजेड परत येईलच याची हमी नाही. मांडवाचं तर नावच नको. गुलाबी-पिवळ्या कापडावर मारलेला उजेड गुलाबी-पिवळा होऊनच परततो. नवरीची हळद दुसऱ्या दिवशी उतरते, फोटोतली उतरत नाही.

शिवाय तीनशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर सेल धरून साडेचारशे ग्रॅमचा फ्लॅश बसला की कॅमेरा आपणहून मागे कलंडू लागतो. आपण फोटो काढतोय की फ्लॅश तोलतोय हा प्रश्न पडू लागला, की पुढच्या पायरीला आपण तयार आहोत असं समजावं.

बिनतारी

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब ठेवायचा आणि तरी तो वेळेवर उडायला हवा. यासाठी जुना मार्ग नजरेचा. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश उडतो, लांबच्या फ्लॅशमधला डोळा ते बघतो आणि तोही उडतो. याला हॉट शूची गरज नाही, म्हणून खाच नसलेल्यांना हाच आसरा.

यात पहिली मेख अशी की हल्लीचे कॅमेरे खरा फ्लॅश मारण्याआधी अंदाज घ्यायला एक बारीक चमकारा मारतात. लांबचा फ्लॅश त्यालाच भुलतो, अगोदर उडतो आणि शटर उघडेपर्यंत रिकामा होऊन बसतो. तुम्ही म्हणता फ्लॅश तर दिसला, फोटो काळा कसा? त्यासाठी फ्लॅशवर पुष्कळदा दोन पर्याय असतात, एस-१ आणि एस-२. एस-२ घ्या, तो पहिला चमकारा सोडून देतो. लाल डोळे घालवायची सोय कॅमेऱ्यात चालू असेल तर बंद करा, कारण तीही आधी चमकते. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा उजेड फोटोत नको असेल तर त्याच्यावर जुन्या रंगीत निगेटिव्हच्या रोलचा सुरुवातीचा, पूर्ण काळा तुकडा लावा. डोळ्यांना तो अपारदर्शक दिसतो, पण अवरक्त किरण त्यातून जातात आणि लांबच्या फ्लॅशला तेवढं पुरतं. असा तुकडा तुमच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंच्या पाकिटात सापडायची शक्यता आहे. शोधताना पाकिटातले फोटो बघत बसू नका, संध्याकाळ होते.

दुसरी मेख मोठी. नजरेवर चालणारा फ्लॅश तुमचा एकट्याचा राहत नाही. कोणाचाही फ्लॅश उडाला की तोही उडतो. आता डोळ्यांपुढे आणा: शेवटची मंगलाष्टका, ‘शुभमंगल सावधान’, अक्षता हवेत. ठरवलेला फोटोग्राफर, त्याचा मदतनीस, नवरीकडचे मामा, पुण्याहून आलेली मावसबहीण, सगळे एकदम मारतात. तुमचा फ्लॅश इमानेइतबारे प्रत्येकाला साथ देतो, सगळ्यांचे फोटो उजळून काढतो आणि तुमची वेळ आली की दिवा लाल. शिवाय ठरवलेल्या फोटोग्राफरच्या फोटोत भलतीकडून उजेड आला म्हणून तो शोधत येतो, तो वेगळाच. मोबाइलच्या दिव्यांनी मात्र हा फ्लॅश सहसा फसत नाही. आणि उघड्या उन्हात त्याला काहीच दिसत नाही, तेव्हा लॉनवरच्या लग्नाला हा मार्ग विसरा.

दुसरा मार्ग रेडिओचा. हॉट शूवर एक डबी बसते, ती लांबच्या फ्लॅशला रेडिओलहरींनी निरोप पाठवते. भिंत आड आली तरी चालतं, ऊन असलं तरी चालतं, मामा मध्ये पडत नाहीत. डबी आणि फ्लॅश एकाच चॅनेलवर हवेत. ‘उडत नाही’ म्हणून दुकानात परत आणलेल्या फ्लॅशची बहुतेक वेळा एवढीच तक्रार असते. आणि चॅनेल एक सोडून दुसरा कुठलाही घ्या. खोक्यातून काढल्यावर तो पुष्कळदा एकवरच असतो आणि बदलायचे कष्ट कोणी घेत नाही, त्यामुळे शेजारच्या हॉलमधल्या मुंजीचा फोटोग्राफरही एकवरच असतो.

फ्लॅश धरणार कोण?

स्टँड मिळतो. पण मांडवात स्टँडला तीन पाय असतात आणि पळणाऱ्या पोरांना त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा भाचा धरावा. बारा ते पंधरा वयाचा, हात वर करून उभा राहू शकणारा. नवरानवरीपासून पाच-सहा फुटांवर, कॅमेऱ्याच्या एका बाजूला, डोक्यापेक्षा थोडं उंच आणि खाली कललेला, अशी फ्लॅशची जागा त्याला दाखवून ठेवा. कामं सगळी पंगतीआधी उरकून घ्या. एकदा आइस्क्रीमचा काउंटर उघडला की भाचा मिळत नाही.

उजेड फार करडा वाटला तर नवरानवरी आणि भाचा यांच्या मधे पांढरं काही घाला. खास पांढरी छत्री मिळते. ती वाऱ्यात भाच्यासकट फिरते. घरातली काळी छत्री आणू नका. पांढरी चादर, धोतर, काहीही चालेल. थर्माकोलचा पत्रा असेल तर तो मधे धरू नका, उजेड त्याच्यावर आपटवून घ्या. सिनेमाच्या सेटवरही उजेड मऊ करायला तो तसाच लावतात. कोपऱ्यात पांढरी भिंत असेल तर भाच्याला भिंतीकडे तोंड करून फ्लॅश धरायला सांगा. शिक्षा झाल्यासारखं त्याला वाटेल, फोटो मात्र चांगला येईल.

आता या सगळ्या खटाटोपात खरोखर करण्याजोगा एक फोटो सांगतो. आपल्या लग्नात कोणी न मागता एक उत्कृष्ट पडदा मिळतो: अंतरपाट. पांढरं कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी ताणून धरलेलं. तुम्ही नवरदेवाच्या बाजूला. भाचा नवरीच्या मागे, तिच्या आडोशाला, फ्लॅश कापडाकडे रोखून. खोलीतला उजेड मारण्यापुरतं शटर जलद. फोटोत कापड उजळतं, स्वस्तिक गडद होतं आणि नवरीची मुंडावळ्यांसकट सावली पांढऱ्यावर उमटते. नवरदेव नुसता काळ्या रेषेत. फ्लॅश नवरीच्या आड असल्यामुळे इथे नजरेचा मार्ग चालत नाही, रेडिओच लागतो. भटजींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐन वेळी विचारलंत तर नाही म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. एक-दोनच फोटो काढा. अंतरपाट दूर होण्याचा क्षण फोटोग्राफरसाठी थांबवायचा नसतो.

कुठे मारू नये

गाभाऱ्यात, नाटकात, अजिंठ्याच्या लेण्यांत. अजिंठ्याला तर तशी बंदीच आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडापाशी नको. मोटारसायकल चालवणाऱ्याच्या समोरून नको.

जेजुरीला भंडारा उधळत असताना आणि विसर्जनाला गुलालात तर कॅमेऱ्यातला फ्लॅश मुळीच नको. हवेतले कण लेन्सच्या अगदी पुढे तरंगत असतात, शेजारचा फ्लॅश त्यांना उजळतो आणि ते धूसर होऊन फोटोभर पारदर्शक गोळे उमटतात. पावसाच्या थेंबांचं आणि धुळीचंही हेच होतं. असे फोटो बघून कोणी ‘पितर आले’ म्हणालं तर वाद घालू नका. फ्लॅश हातभर बाजूला नेऊन दुसरा फोटो काढा, पितर जातात. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र आत-बाहेर सरकणारी असते आणि तिच्या फटीत हळद गेली की ती करकरत अडकते. उधळणीत हा कॅमेरा न नेणंच शहाणपणाचं.

आजी

घरात एक तरी माणूस असं असतं की ज्याचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले येतात. आपण म्हणतो सवय आहे. पुष्कळदा तो अंदाजाचा पहिला चमकारा असतो. डोळे चपळ असले की ते त्यावर मिटतात आणि फोटो निघतो तेव्हा मिटलेलेच असतात. बाहेरचा फ्लॅश हाताने ठरवलेल्या ताकदीवर, रेडिओने मारलात की तो पहिला चमकारा उरत नाही. आजींना समजावून सांगायची गरज नाही. फोटो काढा आणि दाखवा.

काय घ्यावं

हॉट शू असेल तर हाताने ताकद ठरवता येणारा एक साधा फ्लॅश आणि रेडिओची एक डबी. घेताना फ्लॅशमध्येच रेडिओ आहे का ते विचारा, नसेल तर त्याला वेगळी डबी लागेल. हॉट शू नसेल तर एस-२ असलेला एक फ्लॅश आणि निगेटिव्हचा तुकडा. दुसरा फ्लॅश घेऊ नका. तो लागतो असं दुकानदाराला वाटतं. चार पेन्सिल सेल रिचार्जेबल घ्या, आणखी चार शबनममध्ये ठेवा. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

आणि कार्य उरकून फ्लॅश कपाटात ठेवताना सेल बाहेर काढा. पुढचं कार्य कधी निघेल सांगता येत नाही, तोवर सेल गळले तर फ्लॅश नवा घ्यावा लागतो.